काडेपेटीएवढ्या चौकटीत मगर बसवताना

मी कार्डांवरची चित्रं काढते असं सांगितलं की जळगावात निम्म्या लोकांना वाटतं लग्नाच्या पत्रिका, आणि उरलेल्यांना शाळेत खेळायचो ते डब्ल्यूडब्ल्यूईचे ट्रम्प कार्ड आठवतात, त्यातले दुसरे जरा जवळ आहेत. ट्रेडिंग कार्ड गेम म्हणजे पत्तेच, पण प्रत्येक पत्ता वेगळा, प्रत्येकावर एखादा प्राणी, जादूगार, किल्ला, वादळ असं काहीतरी, आणि पाकिटात कोणता निघेल ते माहीत नाही. १९९३ ला रिचर्ड गारफिल्ड या गणितवाल्या माणसाने मॅजिक: द गॅदरिंग आणला तिथून हे प्रकरण मोठं झालं, १९९६ ला जपानात पोकेमॉनची कार्डं आली, आणि आता जगभर लहानमोठे कितीतरी गेम आहेत. त्यातल्याच एका छोट्या परदेशी गेमसाठी मी चित्रं करते. नाव सांगता येत नाही, करारात तसं लिहिलंय. कार्डावर मात्र खाली बारीक अक्षरात माझं नाव येतं, या धंद्यात तो रिवाज आहे आणि मला तो फार आवडतो, कारण आपल्याकडे पुस्तकाच्या कव्हरवाल्याचं नाव शोधायला भिंग घ्यावं लागतं.

बरेच जण विचारतात की हे चित्र नेमकं होतं कसं, म्हणून एका कार्डाचं पहिल्यापासून सांगते.

सुरुवात ब्रीफने होते. आर्ट डायरेक्टर एक मेल पाठवतो, त्यात जागा, काय चाललंय, लक्ष कुठे जायला हवं, मूड काय, एवढंच असतं, आणि सोबत त्या दुनियेची एक जाडजूड पीडीएफ, म्हणजे तिथले लोक कपडे काय घालतात, घरं कशी, कुठल्या गोष्टी अजिबात नकोत वगैरे. माझ्या ब्रीफमध्ये होतं: दलदलीची राखणदार. म्हातारी, काटक, हातात कंदील. मागे पाण्यातून वर येणारी प्रचंड मगर. दिवस मावळून गेलाय. मगर तिच्यावर हल्ला करत नाहीये, तिच्या बाजूने आहे. बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की इथून पुढे पाऊल टाकू नये. आणि पीडीएफमध्ये असं की या भागातल्या लोकांकडे धातू नाही, कपडे सगळे झाडापानांचे.

वाचायला सोपं आहे. पण जरा डोळ्यासमोर आणा, म्हातारी पुढे उभी आणि मागे तिच्यापेक्षा आठपट मोठी मगर, तर कोणीही काय म्हणेल? म्हातारी गेली. ती मगर तिची आहे हे सांगायचं कसं, तेही एका स्थिर चित्रात, आणि तेही केवढ्या, तर कार्ड असतं साधारण ६३ बाय ८८ मिलिमीटर, त्यात वर नाव, खाली नियमांचा मजकूर, मधे चित्राची चौकट उरते पाचेक सेंटिमीटर रुंद आणि चारला कमीच उंच. म्हणजे आपली काडेपेटी. सगळा खेळ त्या काडेपेटीत. टेबलाच्या पलीकडे बसलेला गडी ते चित्र उलटं बघणार, कार्डावर चढवलेल्या स्लीव्हच्या, म्हणजे पिशवीच्या, प्लास्टिकवर ट्यूबलाइट चमकत असणार, आणि त्याला दोन सेकंदात कळलं पाहिजे की समोरच्याने मगर टाकलीये.

म्हणून मी पहिली चित्रं तेवढ्याच मापाची काढते. खरंच काडेपेटीएवढे चौकोन, वहीच्या एका पानावर ओळीने, आणि बॉलपेन नाही, जाड काळा मार्कर आणि एक राखाडी. मुद्दाम जाड, म्हणजे डोळे-नाक काढायचा मोहच होत नाही. काळा, राखाडी, कागदाचा पांढरा, या तीन थरांत गोष्ट कळत नसेल तर पुढे कितीही रंग ओता, कळणार नाही. नवीन मुलं इथेच घाई करतात, टॅबलेटवर झूम करून पापण्या काढत बसतात. बाई गं, ती पापणी छापून अर्धा मिलिमीटरसुद्धा नसणार आहे!

या थंबनेलमध्येच, म्हणजे या चिमुकल्या कच्च्या चित्रांतच, म्हातारी-मगरीचा प्रश्न सोडवायचा असतो. मगर तोंड वासून असेल तर कितीही काही करा, ती खायलाच आलीये असं दिसतं. म्हणून तोंड बंद ठेवायचं ठरवलं, आणि दोघींची नजर एकाच दिशेला, आपल्याकडे, आणि म्हातारीचा मोकळा हात मागे न बघता मगरीच्या नाकाडावर टेकलेला. गोठ्यात म्हशीजवळ उभं राहून बोलताना बाया असाच हात ठेवतात, सवयीने. तो हात ठेवला आणि सगळं बदललं. भीती कमी होईल असं वाटत होतं, पण मगरीची गंमत अशी की तोंड बंद असलं तरी तिचा खालच्या जबड्यातला चौथा दात बाहेर दिसतोच, अॅलिगेटर या तिच्या भाऊबंदाचा दिसत नाही, मगरीचा दिसतो. म्हणजे शांत बसलेली मगरसुद्धा दात दाखवतच असते. मला आयतं मिळालं.

थंबनेल मी भिंतीला चिकटवून खोलीच्या दुसऱ्या टोकाहून बघते, मग पान उलटं करून बघते. उलटं केल्यावरही मगरीचं डोकं आणि कंदील या दोन गोष्टी उठून दिसल्या ते दोन-तीन पाठवले, त्यातला एक पास झाला, फक्त मगर अजून मोठी करा म्हणाले. हे लोक नेहमीच मोठी करा म्हणतात, ते गृहीत धरूनच चालायचं.

आता रेफरन्स, म्हणजे बघून काढायला फोटो. इंटरनेटवर फोटो ढीगभर मिळतात, पण दुसऱ्याचा फोटो जसाच्या तसा उतरवणं हे चोरीतच जमा, करारात त्यावर वेगळं कलम आहे, आणि एआयने बनवलेलं काही वापरलं नाही हेही लिहून द्यावं लागतं. आणि नुसतं कायद्याचं नाही, नेटवरच्या दहा फोटोंत दहा दिशांनी उजेड असतो, ते जोडून केलेलं चित्र कुठेतरी खोटं वाटतंच. त्यामुळे मी शक्य तेवढं स्वतः उभं करते.

कपडे झाडापानांचे हवे होते, तर त्यासाठी चोपड्याला मामांकडे गेले. केळीच्या बागेत कधी संध्याकाळी उभं राहिलायत का, खोडाला लोंबणारी वाळलेली पानं बघितलीयेत? हिरवं पान सगळे काढतात, वाळलेल्याकडे कोणी बघत नाही. ते मधल्या दांड्यापासून आडवं चिरत जातं, सगळ्या चिरा एकमेकींना समांतर, टोकाला काळपट तपकिरी, आत गवती, आणि उजेड मागून आला तर पातळ जागी मधासारखा रंग चमकतो. मला तो आयता झगा दिसला. मामींनी विळ्याने भराभर पानं कापून दिली, आम्ही ती सुतळीने एका जुन्या गोधडीवर बांधली, आणि मॉडेल म्हणून आजीला उभं केलं. आजीने आधी ऐकूनच घेतलं नाही. हाऊ काय येडपना शे वं, म्हणाली. मग मामींनी समजावलं की तुमचं चित्र फॉरेनला जाणार आहे, तर लगेच डोक्यावरचा पदर नीट करायला लागली, आणि मला नेमका तो नीटनेटका पदर नको होता.

अंधार पडल्यावर ओसरीत बाकी दिवे बंद केले आणि तिच्या हातात चार्जिंगची बॅटरी दिली, वर नारिंगी जिलेटिन पेपर गुंडाळून. मागे अंगणातून थोडा निळसर उजेड येतच होता. इथे फोटो काढण्याचा खरा फायदा कळतो. कंदिलाचा उजेड फार पटकन विझतो, अंतर दुप्पट झालं की उजेड चौथा हिस्सा उरतो, त्यामुळे बॅटरी धरलेली बोटं जवळजवळ पेटल्यासारखी, हनुवटी उजळ, कपाळ अर्धं अंधारात, आणि गुडघ्याच्या खाली तर काहीच नाही. मनाने काढायला बसलं की माणूस सगळीकडे सारखा उजेड वाटत सुटतो. आणि खालून उजेड आल्यावर आजीच्या गालांवरच्या सुरकुत्या अशा उलट्या दिसल्या की फोटो बघून ती म्हणाली, मन्हं तोंड इतलं वाकडं शे का वं! तिला सांगितलं की तू जादूगारीण आहेस, तेव्हा कुठे खूश झाली.

मगर मात्र चोपड्यात कोणाकडे पाळलेली नव्हती. तिच्यासाठी शाडूची माती. हातभर लांब डोकं केलं, फक्त डोकं आणि मानेपर्यंतची पाठ, पाठीवरचे खवले आगपेटीच्या काडीने दाबून. डोळे आणि नाकपुड्या डोक्याच्या वरच्या बाजूला, तेवढंच पाण्याबाहेर राहावं म्हणून. मग एका काळ्या ट्रेमध्ये पाणी, त्यात मगर, त्याच बॅटरीचा त्याच बाजूने उजेड, आणि मोबाइल पाण्याच्या अगदी लेव्हलला ठेवून फोटो. कॅमेरा खाली नेला की हातभर मातीची मगर डोंगरासारखी दिसते.

ही टेबलावर दुनिया मांडायची पद्धत मला शिकवली ती खरं तर चाळीसगावने. केकी मूस (१९१२-१९८९) यांचं घर तिथे स्टेशनजवळ आहे, आयुष्याची जवळजवळ पन्नास वर्षं हा माणूस त्या बंगल्यातून क्वचितच बाहेर पडला, आणि घरातल्याच किडूकमिडूक वस्तू टेबलावर मांडून, उजेड लावून अशी निसर्गदृश्यं फोटोत उभी केली की खरी वाटावीत. टेबल टॉप फोटोग्राफी. शाळेच्या सहलीत ते फोटो बघितले तेव्हा काही कळलं नव्हतं, पुढे या कामात पडल्यावर परत गेले आणि एकेका फोटोसमोर सावल्या कुठून कुठे पडल्यात तेच बघत बसले. परदेशी आर्टिस्टांचे व्हिडिओ बघून पोरं मॅकेट मॅकेट (बघून काढायला केलेली छोटी प्रतिकृती) करतात, अरे आपल्या खान्देशात हे काम किती आधी झालंय.

सगळे फोटो समोर ठेवून मग पक्कं ड्रॉइंग, ए-थ्रीच्या आसपास. ते पास झाल्यावर बोर्ड. मी कॅनव्हास वापरत नाही, त्याचा दाणा बारीक कामात मधे येतो. प्लायवूडच्या दुकानातून तीन एमएमचा हार्डबोर्ड, सोळा बाय बारा इंचाचा कापून आणते, म्हणजे छापताना साधारण आठ पटीने लहान होणार. गुळगुळीत बाजूला पॉलिश पेपर मारायचा, मग गेसोचे, म्हणजे रंगाखालच्या पांढऱ्या अस्तराचे, पातळ हात, एक उभा एक आडवा, मधे मधे पुन्हा पॉलिश पेपर. मागच्या बाजूलाही गेसो लावते, नाहीतर बोर्ड एका बाजूने ताण घेऊन पापडासारखा वळतो. ड्रॉइंगची प्रिंट काढून अॅक्रिलिक मॅट मीडियमने (बिनरंगाचं, चमक नसलेलं अॅक्रिलिक) बोर्डवरच चिकटवून टाकते, वरूनही मीडियमचा हात. प्रिंट लेझरचीच हवी, इंकजेटची शाई ओल्या मीडियमला लागली की पसरते.

त्यावर पहिला थर अॅक्रिलिकचा, एकाच रंगात, बर्न्ट अंबर. फक्त उजेड-अंधार. हा थर जळगावात मे महिन्यात करून बघा म्हणजे कळेल. पारा पंचेचाळीसला टेकलेला, पॅलेटवर रंग काढला की ब्रश बुडवेपर्यंत वर साय येते. त्याला उपाय म्हणजे ओली पॅलेट. पसरट डब्यात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर, त्यावर रंग, झाकण लावलं की दुसऱ्या दिवशीही ओला. विकत मिळते ती महाग आहे आणि त्यात मिठाईच्या डब्यापेक्षा काहीही जास्त नाही.

अॅक्रिलिकवर ऑइल चालतं, ऑइलवर अॅक्रिलिक नाही, धरत नाही, सुटून येतं. म्हणून इथून पुढे ऑइल. ऑइलला आपला उन्हाळा मानवतो, लवकर वाळतं, अंबर तर त्यातल्या मँगनीजमुळे तसाही भराभर वाळतो, काळा मात्र रेंगाळतो. त्रास वेगळाच असतो. कूलर. कूलर लावला तर जाळीतल्या गवताचे बारीक तंतू उडून थेट ओल्या रंगावर, आणि नाही लावला तर घाम टपकतो. मी दारावर ओली चादर लावून पहाटे काम करते आणि दुपारी झोपते, घरच्यांना वाटतं पोरगी आळशी आहे.

रंग मी फार घेत नाही. यलो ऑकर, बर्न्ट सिएना, अंबर, एक लाल, एक निळा, पांढरा. ही सवय अजिंठ्याची. जळगावपासून साठेक किलोमीटरवर एवढं मोठं विद्यापीठ पडलंय आणि आपण तिथे पाहुणे आले की जातो. तिथली चित्रं कोरड्या गिलाव्यावरची आहेत, लाल-पिवळे-हिरवे रंग मातीतून, दगडातून काढलेले, आणि निळा मात्र लॅपिस लाझुली, तो आला अफगाणिस्तानच्या बाजूने. तो निळा त्यांनी कसा जपून वापरलाय बघा, म्हणून तर तो एवढा चमकतो. पहिल्या नंबरच्या लेण्यातला पद्मपाणी बघताना कधी नाकाच्या दांड्यावरचा उजळ पट्टा बघा, काळोखातून तो चेहरा बाहेर येतो तो त्या उजळ रेघांच्या जोरावर. माझ्या म्हातारीच्या नाकावर, खालच्या ओठावर तशाच दोन रेघा आहेत, आणि निळा फक्त मागच्या आभाळात आणि पाण्याच्या एका कडेला.

कंदील पेटलेला दिसण्याचं गुपित पांढऱ्या रंगात नाही. नवशिका तिथे ट्यूबमधून पांढरा थापतो आणि कंदील खडूचा दिसतो. मधे अगदी फिकट पिवळा, त्याच्या भोवती जिथे उजेड संपून अंधार सुरू होतो त्या कडेला सगळ्यात भडक नारिंगी, आणि त्याच्या बाहेर सगळं मुद्दाम एक पायरी काळं. शेजारी अंधार नसेल तर उजेड येणार कुठून. झग्यातली कंदिलाजवळची दोन-तीन वाळकी पानं मी त्या मधाच्या रंगात मागून पेटवली, बाकी सगळा झगा अंधारात विरघळवून टाकला, आणि गंमत म्हणजे बघणाऱ्याला सगळं पान न् पान दिसल्यासारखं वाटतं. डिटेल फक्त चेहरा, ती दोन पानं, नाकाडावरचा हात आणि मगरीचा एक डोळा इथेच. मगरीची पाठ तर नुसती मोठ्या ब्रशने, कडा पाण्यात हरवलेल्या.

त्या डोळ्यावरून थोडी वादावादी झाली. रात्री मगरीच्या डोळ्यावर उजेड पडला की तो लाल-नारिंगी चमकतो, कारण डोळ्यामागे उजेड परत फेकणारा पडदा असतो. पण तो चमकलेला दिसतो उजेड ज्याच्या हातात आहे त्याला, बाजूला उभ्या असलेल्याला नाही. म्हणजे शास्त्राप्रमाणे माझ्या चित्रात तो डोळा चमकायला नको. मी तरी चमकवला. आर्ट डायरेक्टरने विचारलं, मी कारण सांगितलं की काडेपेटीत कंदिलानंतर दुसरा ठिपका तोच आहे, तो विझवला तर अंधारात मगर सापडणारच नाही, त्याला पटलं. नियम माहीत असून मोडणं मला चालतं, फक्त उत्तर तयार पाहिजे.

मधे मधे मोबाइलवर फोटो काढून नखाएवढा करून बघायचा, आरशात बघायचा, आणि शेवटी कार्डाच्या मापात प्रिंट काढून एका जुन्या कार्डावर ठेवून हात लांब करून बघायचा. तिथे म्हातारीची बोटं आणि मगरीचं नाकाड एकाच टोनमध्ये मिसळत होतं, तर बोटांच्या कडेला फक्त एक निळसर रेघ दिली, बास.

फाइल पाठवणं हे वेगळं काम. ऑइलवर चमक असते, म्हणून थेट उजेडात फोटो काढत नाही, दोन बाजूंनी पंचेचाळीस अंशात सारखे दिवे, भिंगावर चमक कापणारी पोलरायझर काच, आणि बोर्डच्या कोपऱ्यात एक राखाडी कार्ड, नंतर रंग जुळवायला. छापताना आरजीबीचं सीएमवायके होतं, म्हणजे स्क्रीनचे रंग छपाईच्या चार शायांत बदलतात, तेव्हा भडक नारिंगी मरतो आणि गडद भाग काळे ठिक्कर होतात, त्यामुळे पाठवण्याआधी सावल्या थोड्या उघडून देते, माझ्या स्क्रीनवर तेव्हा चित्र जरा फिकट वाटतं, पण कार्डावर बरोबर बसतं. चारही बाजूंनी जास्तीची जागा सोडलेली असते, कारण पुढे कधी चौकट नसलेलं, सगळ्या कार्डभर चित्राचं व्हर्जन काढायचं ठरलं तर त्यांना कापायला कापड पाहिजे.

पैसे डॉलरमध्ये येतात, अमेरिकेतली कंपनी असेल तर डब्ल्यू-एट-बेन नावाचा, आपण अमेरिकेचे करदाते नाही हे सांगणारा फॉर्म भरून द्यावा लागतो आणि इथे बँकेत दर वेळी पैसे कशाचे आले ते सांगावं लागतं. चित्राचे हक्क त्यांच्याकडे जातात, मूळ बोर्ड माझ्याकडे राहतो, माझ्या करारात तसं आहे, आणि सही करण्याआधी तुम्हीही ती ओळ शोधा, कारण कार्ड खेळणारे लोक मूळ चित्र विकत घेतात आणि कधी कधी ती रक्कम कामाच्या पैशांपेक्षा जास्त असते. या मगरीला गिऱ्हाईक आहे, पण ऑइलला पक्कं वार्निश लावायचं तर सहा महिने तरी थांबायला पाहिजे, तोवर बोर्ड कपाटावर. मामींचा दोनदा फोन येऊन गेला की आजी विचारतेय फॉरेनवाल्यांनी किती दिले, आणि त्यातले तिचे किती.